पाच हजार की तीन हजार? उपकेंद्राच्या प्रस्तावाचा माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमचे गाव आणि नाल्यापलीकडची पोडे, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्या, यांच्यासाठी आरोग्य उपकेंद्र व्हावे, हा प्रस्ताव अखेर जिल्ह्याच्या आराखड्यात गेला. गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची सदस्य या नात्याने त्याचा पाठपुरावा मी केला. ग्रामसभेचा ठराव सहज झाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांची शिफारसही अडचण न येता मिळाली. घोडे अडले ते तालुक्याच्या एका कार्यालयात, आणि त्याचा संताप अजूनही मनातून गेलेला नाही.

केंद्र सरकारच्या निकषांप्रमाणे सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र मंजूर होऊ शकते. आमच्या प्रस्तावातील गावे व पोडे यांची एकत्रित लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार तीन हजारांच्या वर, पण पाच हजारांच्या बरीच खाली आहे. कार्यालयात फाइल उघडल्याबरोबर उत्तर मिळाले, "ताई, निकष पाच हजारांचा आहे, आकडा बसत नाही." आमचे प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवरच्या मोठ्या गावात आहे, म्हणून त्याच्या हद्दीतील सगळ्याच वस्त्यांना सपाट भागाचा निकष लावला गेला होता. पोडे टेकडीच्या पलीकडे आहेत आणि पावसाळ्यात नाला भरला की आरोग्यसेविकेला तिकडे जाता येत नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगत होते; परंतु त्या कागदात अंतरासाठी रकानाच नव्हता, होता तो फक्त लोकसंख्येसाठी.

आशाताईंच्या नोंदवहीतील कुटुंबांची ताजी संख्या मी दाखवली, तेव्हा ती ग्राह्य धरता येत नाही, जनगणनेचाच आकडा लागतो, असे सांगण्यात आले. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढची २०२७ मध्ये होणार आहे. म्हणजे २०११ नंतर जन्मलेल्या ज्या मुलांना आमच्या अंगणवाडीत लसी टोचल्या गेल्या, ती मुले नियोजनाच्या हिशेबात नाहीतच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) २.५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे आणि त्यातील दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला देण्याचे ठरवले होते. ते वाचून मला मनापासून आशा वाटली होती. पण एवढ्या मोठ्या धोरणाचा लाभ पोडापर्यंत पोहोचायचा की नाही, हे एका चुकीच्या निकषावर ठरू शकते, हे मी त्या टेबलासमोर बसून पाहिले.

मार्ग निघाला तो एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून. आमची गावे आदिवासी उपयोजना क्षेत्राच्या यादीत आहेत, याचे पत्र तेथून घेतले आणि निकष प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गावाला नव्हे, तर उपकेंद्राची सेवा ज्यांना मिळणार त्या लोकसंख्येला लावावा, असे लेखी निवेदन त्याला जोडले. पोडे, नाला आणि रस्ता दाखवणारा हाताने काढलेला नकाशाही सोबत दिला. तोंडी बोलण्याला जे उत्तर मिळत होते, ते या लेखी निवेदनाला देता आले नाही आणि फाइल पुढे सरकली. त्या दिवशी मला जो अभिमान वाटला, तो मी लपवणार नाही.

ज्यांना असा प्रस्ताव करायचा आहे, त्यांनी वेळापत्रक आधी विचारून घ्यावे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आराखडा आता दोन वर्षांसाठी एकदम तयार होतो. तालुका, जिल्हा, राज्य आणि मग केंद्र अशी त्याची वाट असते आणि निधीत केंद्राचा वाटा ६० व राज्याचा ४० टक्के असतो. तालुक्यात फाइल पडून राहिली आणि मुदत टळली, तर पुढच्या आराखड्यापर्यंत थांबावे लागते. माझी घाई होती ती याचसाठी.

आणखी एक गोष्ट, जी खरे तर आधी सांगायला हवी होती : आपली गरज एखाद्या राष्ट्रीय कार्यक्रमाशी जोडून मांडावी. आम्ही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा मुद्दा घातला, कारण विदर्भात हा आजार आदिवासींबरोबरच अनुसूचित जातींमध्येही आढळतो आणि २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. मात्र रुग्णांची नावे जोडू नयेत, केवळ संख्या द्यावी.

स्थानिक अनुभवाला वर किंमत नसते, असे मला अनेकांनी ऐकवले. ते मला मान्य नाही. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत सिद्ध केली आणि २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या बाळाच्या घरी भेटी देऊ लागल्या. आमच्या आशाताई पोडावर बाळंतिणीकडे जातात, ते काम विदर्भातूनच दिल्लीला गेले आणि धोरण होऊन परत आले.

उपकेंद्राला अजून मंजुरी मिळायची आहे आणि त्यानंतर पदनिर्मितीचा टप्पा आहे. उपकेंद्रे आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून चालवली जात असल्याने आरोग्यसेविकेबरोबर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे पदही मागावे लागते. ती मागणी आम्ही मूळ प्रस्तावातच केली आहे आणि पोच घेतलेली प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवली आहे.