तीन लाकडांवर एक फूल

जर्मनीत गोस्लार गावातल्या 'ब्रुस्टटुख' नावाच्या घरावर लोणी घुसळणारी एक बाई कोरलेली आहे. एका हाताने घुसळतेय, दुसऱ्या हाताने मागून घागरा उचललाय. घर 16व्या शतकातलं, कोरीव काम सिमोन स्टाप्पेन या कारागिराचं मानलं जातं. भाची तिकडे शिकायला आहे, तिने हौसेने नेऊन दाखवलं. बाकीचे सगळे त्या बाईचे फोटो काढण्यात दंग. आम्ही जुन्या नाशकातले सुतार, माझी तिसरी पिढी. माझी नजर लाकडाच्या सांध्यांवर.

तिकडच्या अशा जुन्या लाकडी घरांची नक्षी बाहेरून आणून ठोकलेली नाही. खांब, तुळया, तिरके टेकू हाच घराचा सांगाडा. मधल्या चौकटी कुडाने आणि माती-पेंढ्याच्या लिंपणाने भरायच्या, नाहीतर विटांनी. ज्या लाकडावर भार, त्याच लाकडावर पटाशी चाललेली. ओक ओला असतानाच कापायचा, कारण वाळला की फार टणक होतो. सगळं आधी जमिनीवर मांडून खाच आणि कुसू, म्हणजे त्या खाचेत बसणारं लाकडाचं टोक, जुळवायचं, लाकडालाकडावर रोमन आकड्यांची खूण करायची, सुटं करायचं आणि मग जागेवर उभारून लाकडी खुंट्या मारायच्या.

मला सगळ्यात भावलं ते उघडलेल्या पंख्यासारखं अर्धं फूल. ब्राउनश्वाइग, हिल्डेसहाइम, त्या सगळ्या पट्ट्यात ते दिसतं. मध्ये खांबाचा पायथा, दोन्ही बाजूंना तिकोनी टेकू, असं तीन लाकडांवर मिळून एक फूल. पाकळ्या मधल्या बिंदूपासून पसरतात आणि सांधा ओलांडून सरळ पलीकडे जातात. प्रत्येक लाकडाच्या शिरा वेगळ्या, त्यामुळे एकाच फुलात पटाशीची दिशा सारखी बदलावी लागते. शिरांच्या उलट गेलात की कपचा उडालाच. आखणी केसभर हलली तर पाकळी सांध्यावर तुटते. एका घरासमोर उभा राहून मी कितीतरी वेळ त्या रेषा बोटाने हवेत गिरवत होतो.

मजल्याच्या आडव्या तुळईवर बांधल्याचं साल, नवराबायकोची नावं, बायबलमधलं एखादं वचन. वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे काढलेला, म्हणून पाऊस नक्षीवर थेट येत नाही.

आपल्या वाड्यांची रीतही याच्या जवळची. सागवानी खांब, वर कोरीव हात, म्हणजे तुळईला टेकू देणारी लाकडं, त्यावर तुळई, मग कडीपाट, म्हणजे कड्या आणि फळ्यांचं लाकडी छत. महिरपी, कमळं, केळफुलं. सराफ बाजारातला सरकारवाडा बघा, चांदवडचा होळकरांचा रंगमहाल बघा. पण गल्लीबोळातले साधे वाडे पडतात तेव्हा तुळया वखारीत जातात आणि कोरीव हात शोभेची वस्तू म्हणून विकले जातात. मागे एका वाड्याच्या ओसरीचे हात ट्रकमध्ये चढताना बघितले. भिंतीला सपाट बसावेत म्हणून त्यांचे कुसू करवतीने उडवले होते. ज्या कुसवावर अख्खी माडी पेलली, तोच गेला. आता तो हात कुठल्या खांबाचा, डावा की उजवा, कुणीही सांगू शकणार नाही. फार वाईट वाटलं.

हिल्डेसहाइमच्या चौकातलं खाटकांच्या संघाचं 1529 सालचं घर मार्च 1945च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेलं. पुढे त्या जागी हॉटेल झालं. तेही हटवून गावाने 1987 ते 1989 मध्ये जुनं घर नक्षीसकट पुन्हा उभं केलं, तेही ओकच्या लाकडात. जुने फोटो आणि नोंदी हाताशी होत्या म्हणून जमलं.

तेव्हा नाशकात कुणाचा वाडा उतरवायचा ठरला असेल तर माझी कळकळीची विनंती आहे. हात लावण्याआधी खांब, हात, तुळया सगळ्यांवर नंबर टाका, खडूने नको, पटाशीने. फोटो नक्षीचे काढता तसे सांध्यांचेही काढा. नक्षीवर कागद धरून पेन्सिल घासली तर ठसा छान उठतो. आणि कुसू कापू देऊ नका, गिऱ्हाईक कितीही घाई करो. मला सांगितलंत तर टेप आणि कागद घेऊन मी स्वतः येईन, पैशाचा प्रश्नच नाही. फक्त कौलं उतरायच्या आधी कळवा. एकदा मजूर माडीवर चढले की मापं घ्यायला कुणी थांबत नाही.