४७ तारांची कारकीर्द

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात ज्या वाद्यवृंदात तीसएक व्हायोलिनवादक सहज सामावले जातात, त्यात हार्पसाठी, म्हणजे बोटांनी छेडायच्या उभ्या, मोठ्या तंतुवाद्यासाठी, एक किंवा फार तर दोन जागा असतात, आणि त्या जागेवर एकदा कोणी बसले की अनेक वर्षे ती पुन्हा रिकामी होत नाही. शिवाय जागा मिळाली तरी वाजवायला थोडेच मिळते. मोठमोठ्या सिंफनींमध्ये हार्पवादक कितीतरी वेळ मात्रा मोजत बसलेला असतो. हे सारे ठाऊक असूनही कॅट्रिन फिंच या ब्रिटनच्या वेल्स प्रांतातील हार्पवादिकेने हेच वाद्य धरून आयुष्य उभे केले. ते कसे, हे मला लिहून ठेवावेसे वाटते, कारण मी वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका गावात मुलांना गायन आणि पेटी शिकवतो आणि “यानं पोट भरते काय, गुरुजी?” हा प्रश्न मला दर हंगामात कोणी ना कोणी पालक विचारतो. तो प्रश्न मी कधीच हलक्यात घेत नाही, कारण ज्याचा कापूस पावसात भिजला आहे त्याला तो विचारण्याचा पुरेपूर अधिकार आहे.

आधी वाद्याविषयी. आजच्या मैफलीच्या हार्पला ४७ तारा असतात, उंची साधारण सहा फूट आणि वजन चाळीस किलोच्या आसपास. वादक दोन्ही हातांची चार-चार बोटे वापरतो, करंगळी वापरत नाही. बोटांना आपली जागा सापडावी म्हणून ‘सी’ स्वराच्या तारा लाल आणि ‘एफ’ स्वराच्या काळ्या रंगाच्या असतात. खरी करामत मात्र पायांशी आहे. तळाला सात पेडल असतात, म्हणजे सात स्वरांना प्रत्येकी एक, आणि प्रत्येक पेडलला तीन खाचा असतात, ज्यांच्यामुळे तो स्वर सर्व सप्तकांत एकदमच कोमल, शुद्ध किंवा तीव्र होतो. ही रचना वाद्य बनवणारे सेबास्तियन एरार यांनी सिद्ध केली आणि १८१० मध्ये तिचे पेटंट घेतले. श्रोत्याला वर नाजूक बोटे दिसतात आणि त्याच वेळी खाली दोन्ही पाय अखंड हिशेब करत असतात. एक पेडल अर्ध्या मात्रेने चुकले तर पुढची सबंध ओळ बेसूर होते.

मी मुलांना मोबाईलवर फिंच यांचे वादन दाखवले तेव्हा आठवीतल्या एका मुलीने सर्वांत आधी विचारले, “सर, एवढ्या तारा सुरात लावाले किती वेळ लागते?” प्रश्न अगदी नेमका होता. हार्पवादकाला प्रत्येक कार्यक्रमाआधी वाद्य स्वतः लावावे लागते. मधल्या पट्ट्यातील तारा जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या असतात आणि हवेतील ओल किंवा उष्णता बदलली की त्या उतरतात, चढतात, कधी तुटतातही. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की तंबोऱ्याच्या चार तारा सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो, तेव्हा सत्तेचाळीस तारांची कल्पना त्या मुलीने बरोबर केली होती.

आता कारकिर्दीकडे येतो. फिंच यांचा जन्म १९८० चा आणि बालपण वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लॅनॉन या खेड्यातले. स्पॅनिश हार्पवादिका मारिसा रोब्लेस यांचा कार्यक्रम पाचव्या वर्षी पाहायला मिळाला आणि सहाव्या वर्षी शिक्षण सुरू झाले. ब्रिटनमधील संगीत परीक्षांची आठवी म्हणजे सर्वांत वरची श्रेणी त्यांनी वयाच्या नवव्या वर्षी गाठली. पुढे वेल्समधल्याच एलिनॉर बेनेट यांच्याकडे शिक्षण झाले, मग पर्सेल स्कूल ही संगीतशाळा, आणि नंतर लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये मुंबईत जन्मलेल्या स्कायला कांगा यांच्याकडे. १९९९ मध्ये फ्रान्समधील लिली लास्किन स्पर्धा त्यांनी जिंकली. २००० मध्ये तत्कालीन युवराज चार्ल्स यांनी व्हिक्टोरिया राणीच्या काळानंतर बंद पडलेले राजघराण्याच्या हार्पवादकाचे पद पुन्हा सुरू केले आणि २००४ पर्यंत ते फिंच यांच्याकडे होते.

ही यादी वाचून कोणी म्हणेल की मुलगी जात्याच असामान्य होती. ती होतीच. परंतु वेल्समध्ये हार्प हे लोकांच्या घरचे वाद्य आहे, तिथल्या कवितेच्या आणि संगीताच्या ‘आइस्टेडफॉड’ या मेळ्यांत गावोगावची मुले हार्प घेऊन मंचावर चढतात, आणि राष्ट्रीय मेळा दर ऑगस्टमध्ये एका वर्षी उत्तरेत तर पुढल्या वर्षी दक्षिणेत भरतो. मुलांसाठी पेडल नसलेली, लहान, परवडेल अशी हार्पही असते. म्हणजे वाद्य हाताला लागेल इतके जवळ, शिकवणारे माणूस जाऊन-येऊन भेटेल इतक्या अंतरावर आणि वाजवून दाखवायला गावचा मंच, या तिन्ही गोष्टी त्या मुलीच्या जन्माआधीपासून तिथे होत्या. प्रतिभेचे श्रेय देताना या व्यवस्थेचे श्रेय आपण विसरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा वादकासमोर पूर्वी एकच राजमार्ग असे, तो म्हणजे एखाद्या मोठ्या वाद्यवृंदात शिरण्याचा. त्या मार्गाचा इतिहास फार सुखाचा नाही. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑस्ट्रियातील नामांकित वाद्यवृंदाने स्त्रियांना सभासदत्व द्यायचे १९९७ मध्ये मान्य केले आणि पहिली सभासद ठरल्या त्या हार्पवादिका ॲना लेल्केस, ज्या त्याआधी वीसहून अधिक वर्षे त्याच वाद्यवृंदात सभासद नसताना वाजवत होत्या. त्याच वाद्यवृंदात १९९८ मध्ये आलेले हार्पवादक झाविए द मेस्त्र यांनी २०१० मध्ये ती मानाची जागा स्वतःहून सोडली आणि ते एकल वादनाकडे वळले. इतकी मानाची जागा कोणी सोडतो, तेव्हा त्यामागे काहीतरी मोठी ओढ असली पाहिजे.

पण एकल वादन म्हणजे वाजवायचे काय? पियानोसाठी मोठमोठ्या रचनाकारांनी ढिगाने लिहिले. हार्पच्या वाट्याला मोझार्टचा बासरीसोबतचा १७७८ चा कॉन्चेर्टो (वाद्यवृंदाच्या साथीने वाजवायची रचना), देब्युसीची १९०४ ची दोन नृत्ये, राव्हेलची १९०५ ची एक सुंदर रचना अशी मोजकी रत्ने आली. देब्युसी आणि राव्हेल यांच्या त्या रचना तर वाद्य बनवणाऱ्या दोन स्पर्धक कंपन्यांनी आपापल्या हार्पची जाहिरात व्हावी म्हणून मागवलेल्या होत्या. त्यामुळे आजच्या हार्पवादकाला आपले भांडार स्वतःच वाढवावे लागते, दुसऱ्या वाद्याचे संगीत आणून किंवा नव्या रचना लिहून घेऊन. फिंच यांच्या कारकिर्दीत मला सर्वाधिक मोलाचे वाटते ते हेच काम.

जर्मन रचनाकार बाख यांची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही रचना त्यांनी हार्पसाठी स्वतः बसवली आणि २००९ मध्ये ती ध्वनिमुद्रित होऊन प्रसिद्ध झाली. १७४१ मध्ये छापलेली ही रचना, एक मूळ धून आणि तिची तीस रूपे, हार्प्सिकॉर्डसाठी, म्हणजे पियानोच्या आधीच्या काळातल्या, एकावर एक अशा स्वरपट्ट्यांच्या दोन ओळी असलेल्या वाद्यासाठी लिहिलेली आहे. तिथे दोन्ही हात एकमेकांवरून जाऊन एकच स्वर दोन वेगळ्या ओळींवर वाजवू शकतात. हार्पवर मात्र त्या स्वराची तार एकच. एका हाताने छेडलेली तार नादत असतानाच दुसऱ्या हाताचे बोट तिला लागले की नाद तुटतो किंवा घरघरतो. शिवाय हार्पची तार आपोआप थांबत नाही, नको असलेला नाद तळव्याने मिटवावा लागतो, नाहीतर बाखचे एकातून एक निघणारे स्वर धुक्यात गेल्यासारखे होतात. पंचविसावे रूप तर अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी सरकते, म्हणजे पेडलवर पायांची अखंड ये-जा. मी ते ध्वनिमुद्रण पुष्कळदा ऐकले आहे. त्यात मला कसरत ऐकू येत नाही, फक्त बाख ऐकू येतो.

दुसरे काम त्याहून वेगळ्या दिशेचे. पश्चिम आफ्रिकेतील माली या देशाचे, कोरा या तंतुवाद्याचे थोर वादक तुमानी दियाबाते यांच्याबरोबर फिंच यांचा दौरा ठरला होता, पण २०१२ मध्ये तिथे लष्करी उठाव झाला आणि तालमींसाठी सेनेगलचे कोरावादक सेकू केता पुढे आले. त्यातून फिंच आणि केता यांची जोडी जमली. त्यांचा पहिला अल्बम २०१३ मध्ये आला आणि २०१८ चा अल्बम त्यांनी ऑस्प्रे या मासे पकडणाऱ्या पक्ष्याच्या वेल्स ते पश्चिम आफ्रिका या प्रवासावर रचला. (हाच पक्षी हिवाळ्यात आपल्या विदर्भातल्या धरणांवरही उतरतो.) कोरा हे अर्ध्या भोपळ्यावर कातडे ताणून केलेले, सामान्यतः २१ तारांचे वाद्य. ते दोन अंगठे आणि दोन तर्जन्यांनी वाजवतात आणि परंपरेने कागदावर काही न उतरवता घरच्या वडीलधाऱ्यांकडूनच शिकतात. स्वरलिपी समोर ठेवून घडलेली हार्पवादिका त्या माणसासमोर बसते, त्याने घेतलेली सुरांची जागा कानाने टिपते आणि त्याच क्षणी उत्तर देते, हे पाहताना मला आमच्या गावातील भजनी मंडळाचे वीणेकरी आठवले. त्यांना स्वरांची नावे सांगता येत नाहीत, तरी पेटी जरा चढी धरली की ते मान हलवून थांबवतात. माझे विद्यार्थी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेसाठी रागाचे आरोह-अवरोह पाठ करतात. त्यांच्या कानात जे सप्ताहातून आणि खंजिरीच्या भजनांतून आधीच साठले आहे त्याला मात्र परीक्षेत गुण नसतात. ते ज्ञान कमी प्रतीचे नाही, ही खात्री मला फिंच आणि केता यांना ऐकून अधिक पक्की झाली.

त्या पालकांना मी आता खोटा दिलासा देत नाही. संगीतावर घर चालणे कठीण आहे, वेल्समध्येही आणि आर्वीतही. फिंच आजही मैफली, ध्वनिमुद्रण, रचना आणि अध्यापन अशी अनेक कामे एकत्र करतात. मी एवढेच सांगतो की मुलगी पुढे काय करील ते नंतर ठरेल, आज तिला रोज तासभर वाद्य मिळू द्या. आमच्या वर्गात वाद्य हीच खरी अडचण आहे. गावात एकच चांगली पेटी आहे आणि ती मंदिरातल्या कपाटात असते. देवाची पेटी घरी कशी न्यायची, म्हणून भजनी मंडळातील काही जुन्या मंडळींचा बराच काळ विरोध होता आणि त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. अखेर यंदा असे ठरले की एकादशी आणि सप्ताहाचे दिवस वगळून पेटी आठवडाभर एका विद्यार्थ्याकडे राहील, वहीत सही होईल आणि भाता फाटला तर दुरुस्तीचा खर्च मंडळ आणि वर्ग निम्मा-निम्मा उचलतील. कापूस वेचणीच्या महिन्यांत मुले संध्याकाळी उशिरा वावरातून येतात, म्हणून त्या काळात आठवड्याऐवजी पंधरा दिवसांची पाळी ठेवली आहे. पहिली पाळी तारांचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीची आहे; तिच्या घरी शेजारच्या दोन मुलींनीही येऊन बसायचे, हे तिच्या आईने आधीच कबूल करून ठेवले आहे.