तुम्ही विचारलंत म्हणून : विद्यार्थ्यांना नामांकित महाविद्यालयच का हवे असते?

महाविद्यालयीन प्रवेशाच्या तयारीत विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणे हे माझे काम असल्यामुळे पालक, शिक्षक आणि कधी कधी विद्यार्थीसुद्धा मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात : मुलांना नामांकित महाविद्यालयच का हवे असते, त्यांना खरोखर शिकायचे असते की नुसते नाव लावायचे असते? शिकण्याची इच्छा चांगली आणि नावाची इच्छा हलकी, अशी प्रतवारी मनाशी करूनच हा प्रश्न बहुधा विचारला जातो. ती प्रतवारी मला मान्य नाही.

एका विद्यार्थिनीने प्रवेश अर्जासोबतचे निवेदन मला वाचायला दिले होते. त्यात ‘संशोधनाची उज्ज्वल परंपरा’ होती, ‘ज्ञानाची ओढ’ होती. मी तिला म्हटले, ‘महाविद्यालयाचे नाव खोड, दुसरे कोणतेही लिही आणि परिच्छेद पुन्हा वाच.’ तिने वाचला. सगळे जसेच्या तसे लागू पडत होते. थोडा वेळ समासात पेन्सिलीने रेघा ओढत ती गप्प बसली आणि मग तिने घाईघाईने तिरप्या अक्षरात लिहिले, ‘आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. नोकरीसाठी शब्द टाकेल असे ओळखीत कोणी नाही. या कॉलेजचे नाव असले, तर माझा अर्ज निदान वाचला तरी जाईल.’ हे काही निवेदनात शोभणार नाही, असे म्हणून तिने ते लगेच खोडायलाही घेतले. त्या पूर्ण पानावर तेवढी तीनच वाक्ये तिची स्वतःची होती.

नावाच्या मागे लागलेली म्हणून जिला नावे ठेवली जातील, तिचा विचार प्रत्यक्षात किती नेमका होता, हे पाहण्यासारखे आहे. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत थेट दिसत नाही, म्हणून तो पदवीसारख्या दिसणाऱ्या खुणेवरून अंदाज बांधतो, हे अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडले आणि पुढे २००१ मध्ये ते अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. घरचे वजन ज्याच्या पाठीशी आहे, त्याच्याकडे अशा खुणा आधीच पुष्कळ असतात. तिच्याकडे ही एकच असणार होती. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा २००२ चा अमेरिकेतील अभ्यास तर जणू तिच्याच बाजूने साक्ष देतो. ज्यांची गुणवत्ता आणि आकांक्षा जवळपास सारखी होती, म्हणजे ज्यांनी सारख्याच महाविद्यालयांत अर्ज केले आणि ज्यांना सारखेच प्रवेश मिळाले, अशा विद्यार्थ्यांची त्यांनी तुलना केली. त्यांतले काही अधिक निवडक, म्हणजे मोजक्याच अर्जदारांना प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयात गेले होते, काही कमी निवडक महाविद्यालयात. पुढच्या कमाईत एकंदरीत फारसा फरक आढळला नाही, मात्र कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेल्यांना निवडक महाविद्यालयाचा स्पष्ट लाभ झाला. ज्ञानाची भाषा सफाईने बोलणाऱ्या संपन्न घरातल्या मुलाला कमाईच्या बाबतीत जे महाविद्यालय फारसे काही देत नाही, ते या मुलीला देण्याची शक्यता बरीच अधिक होती.

अर्थात चित्र इतके सरळही नाही. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये अमेरिकेतील अत्यंत निवडक अशा बारा खासगी विद्यापीठांचा अभ्यास मांडला. तिथेही सरासरी कमाई फारशी वाढत नाही. पण उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता सुमारे दीडपट होते आणि प्रतिष्ठेच्या कंपन्यांत काम मिळण्याची शक्यता तिप्पट होते. म्हणजे नाव चालते, विशेषतः शिखराजवळ चालते. पण कोणासाठी चालते, याचे उत्तर सेथ झिमरमन यांनी चिलीमधील अभ्यासातून २०१९ मध्ये दिले, आणि ते मला अस्वस्थ करते. तिथल्या अग्रगण्य व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमांतून कंपन्यांच्या उच्चपदांपर्यंत जाण्याचा लाभ महागड्या खासगी शाळांतून आलेल्या मुलग्यांनाच झाला. मुलींना आणि इतर शाळांतल्या मुलग्यांना झाला नाही. एकाच वर्गात बसूनही ओळखीपाळखी सगळ्यांच्या सारख्या होत नाहीत. ही गोष्ट मी त्या मुलीलाही सांगितली. तिने ती खोडलेली वाक्ये पुन्हा लिहिली आणि निवेदनात ठेवली.

आणखी एक कारण मुले क्वचित लिहितात, पण बोलताना हमखास सांगतात : आपल्यासारख्यांची संगत. पुस्तकातल्या एखाद्या सिद्धतेवर मध्यरात्रीपर्यंत वाद घालायला कोणी मिळत नाही, म्हणून एकटी पडलेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. महाविद्यालयाच्या बाजूने याहून चांगले कारण मला माहीत नाही. ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात चिठ्ठ्या टाकाव्यात तशा योगायोगाने जोडलेल्या खोलीसोबत्यांचा अभ्यास केला, तेव्हा एकमेकांच्या गुणांवर त्यांचा परिणाम होत असल्याचे दिसले. मुख्य विषय मात्र ज्याने त्याने आपापलाच निवडला.

मला काळजी वाटते ती एका निराळ्याच इच्छेची, जी नावाच्या आणि ज्ञानाच्या अशा दोन्ही कारणांच्या आड लपू शकते. काही मुलांना त्या महाविद्यालयाकडून स्वतःविषयीचा निवाडा हवा असतो. आपण हुशार आहोत की नाही, हे कोणीतरी एकदाचे शिक्कामोर्तब करून सांगावे, इतकेच त्यांचे मागणे असते. ही भूक बहुतेक वेळा घरातल्या तुलनेतून आलेली असते, आणि तिच्यापायी तळमळणाऱ्या मुलांना दिखाऊ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पण ही मागणी नामांकित महाविद्यालय पुरवू शकत नाही. उलट तिथेच ती सर्वाधिक दुखावते. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून शालेय विद्यार्थ्यांबाबत दाखवून दिले आहे की, सारख्याच कुवतीची दोन मुले असतील, तर अधिक हुशार मुलांच्या शाळेत गेलेल्याचा स्वतःच्या अभ्यासाविषयीचा विश्वास कमी होतो, कारण मूल स्वतःला आसपासच्या मुलांशीच ताडून पाहते. पुढे २६ देशांतील पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांवरही हेच आढळले. आजवर वर्गात पहिले येणारे शंभरजण एका वर्गात आले, तरी पहिला एकच येणार आणि पन्नासजण खालच्या निम्म्यात असणार. निवाडा मागायला गेलेल्या मुलाला तिथे रोज नवा निवाडा ऐकावा लागतो.

म्हणून कोणते महाविद्यालय चांगले हे सांगण्याआधी मी विद्यार्थ्याला विचारतो, ‘पहिल्या वर्षी तू तिथे खालच्या निम्म्यात आलास, तरी तिथेच राहावेसे वाटेल का?’ ज्यांना नोकरीचे दार उघडून हवे असते, ते फारसा विचार न करता हो म्हणतात. संगतीसाठी जाणाऱ्यांना तर आपल्यापेक्षा हुशार मुले तिथे असणार, याचाच आनंद होतो. जे बराच वेळ काहीच बोलत नाहीत, त्यांनाही मी तिथे जाऊ नका असे सांगत नाही. त्यांच्या पालकांना मात्र पुढच्या भेटीला सोबत बोलावतो, आणि ती भेट प्रवेशाचा निकाल लागण्यापूर्वी व्हावी असा माझा आग्रह असतो, कारण यादीत नाव आल्यावर किंवा न आल्यावर त्या घरात हे बोलणे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणीच उरत नाही.