मे महिन्यातला मटार

आमच्याकडे मे महिन्यात मटार मिळत नाही. हे वाक्य आजवर किती वेळा बोललो त्याचा हिशेब नाही, पण धंदा बुडता बुडता राहिला तो याच वाक्यापायी.

सुरुवात 2016 ची. त्या जुलैत सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. वडिलांच्या मंडईतल्या गाळ्यावर बसून मी कंटाळलो होतो. म्हटलं, माल थेट सोसायट्यांमध्येच न्यावा. सासवडजवळचे तात्या वडिलांना अंजीर घालायचे. ते म्हणाले, "पैसे आठवड्याने दे, पण माझ्या रानात निघेल तेच विकायचं. मागणीबरहुकूम पिकवायला मी कारखाना काढलेला नाही." कागद झाला नाही, चहा झाला.

पहाटे दिवे घाट उतरून येणारा छोटा हत्ती, वीस-वीस किलोचे क्रेट, वर ओलं गोणपाट. वडिलांची पितळी पारड्यांची तागडी इलेक्ट्रॉनिक काटा आल्यावरही खुंटीला टांगलेलीच आहे. पालेभाजीला तसा काटा लागत नाही. पुण्याच्या मार्केट यार्डात, म्हणजे घाऊक बाजारात, ती शेकड्याने जाते, जुडी हातातच तोलायची. मेथी आम्ही मुळाच्या मातीसकट देतो आणि त्यावरून बोलणी खातो. सांगून ठेवतो, मेथी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि करायच्या दिवशीच निवडा. पालक तर आणला त्या दिवशीच खावा. तोडल्यापासून त्यातलं क जीवनसत्त्व कमी होत जातं. तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवून मग आरोग्यासाठी पालक खाणाऱ्यांना मी काय सांगणार!

पर्वतीच्या पायथ्याशी एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही. त्यांनी कधी यादी दिली नाही. "आलंय ते पाठव," एवढंच. ऋषिपंचमीला मात्र बैलाच्या श्रमाचं काही नको, म्हणून अळू, लाल माठ, सुरण असं वेचून न्यावं लागे. एकदा मी म्हटलं, बाई, तात्यांकडे बैल कधीच गेले, नांगरट ट्रॅक्टरने होते. त्या म्हणाल्या, "मग काय, सगळंच चालेल की!" आणि पुढच्या वर्षी पुन्हा अळूच मागितलं.

आता ते प्रकरण. आमच्याकडे माल पोचवणारा एक मुलगा होता. दोन वर्षं मी त्याला जुडी कशी धरायची इथपासून शिकवलं. 2018 च्या उन्हाळ्यात तो सुटला आणि महिन्याभरात दोन चौक सोडून त्याने दुकान टाकलं. पाटीवर आमचंच वाक्य, 'शेतातून थेट तुमच्या दारात'. ग्राहकांच्या वहीचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होते, हे नंतर कळलं. माल सगळा यार्डातला. मे महिन्यात त्याच्याकडे मटार, फ्लॉवर, गाजर. आमच्या क्रेटमध्ये गवार, पडवळ, चवळई, कैरी आणि दुधी. लोक म्हणायला लागले, "रोज काय दुधी?"

मी दारोदार समजावलं. मटार तोडल्या क्षणापासून त्याची साखर पिठात बदलायला लागते. मे महिन्यातला मटार हिमाचलकडून येतो, पुण्यात पोचेपर्यंत त्यातला गोडवा कुठला राहायला? आपल्या पुरंदरचा वाटाणा श्रावण-भाद्रपदात येतो, पाऊस अंगावर घेतलेला, सकाळी तोडून दुपारी पातेल्यात. ऐकून घेतलं सगळ्यांनी. 180 घरांची 23 झाली. टेम्पोचे दोन हप्ते थकले, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या.

आणि मग मीही तेच केलं. एका पहाटे यार्डात जाऊन मटाराचे दोन क्रेट उचलले आणि गोणपाटाखाली घालून आणले. लोकांनी आनंदाने घेतले. बाईंची पिशवी संध्याकाळी परत आली. आत शेंगा तशाच, एकच सोललेली. सोबत कागद, त्यावर शाळेतल्या अक्षरात: 'हे तात्यांचे नाहीत.' दुसऱ्या दिवशी उरलेला क्रेट मी गाईंना घातला. तात्यांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत की रागावले नाहीत. तीन महिने त्यांनी पट्टी, म्हणजे मालाचे पैसे, मागितली नाही, एवढं मात्र खरं.

2020 च्या एप्रिलमध्ये यार्ड बंद झालं आणि फोन थांबेना. आम्हाला दुधी द्या, काहीही द्या! चारशे घरं झाली. टाळेबंदी उठली तशी निम्मी गळाली, पुढे ती दहा मिनिटांत भाजी आणून देणाऱ्यांकडे गेली. आता किती आहेत ते सांगत नाही, भागतं.

त्या मुलाचं दुकान टाळेबंदीतच बंद पडलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तो एका मेसला भाजी पुरवतो. परवा भोगीच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला, "दादा, दहा किलो पावटा मिळेल का? यार्डातला कोवळा नाही." तो आला. वडिलांची तागडी खुंटीवरून काढली आणि पावटा तिच्यावर मोजून दिला. भाव तात्यांचा, वर हमाली. पैसे आधी घेतले.