ब्रेकअपच्या कादंबरीत 'आपण'चं 'आम्ही' कधी होतं?

ब्रेकअपवर कादंबरी लिहिताना पहिली अडचण ही की मुख्य घटना पहिल्या पानाआधीच घडून गेलेली असते. मग लिहिणारा मागे वळतो आणि पन्नासेक पानं आठवणींतच रुतून बसतो. वाचक गेलेल्या माणसाला भेटलेलाच नसतो, त्याला चुकल्यासारखं का वाटावं? डोळे-केस-हसू यांची वर्णनं कापा, तीन-चार सवयी ठेवा. चहात आलं किसून घालणारा माणूस दोन ओळींत उभा राहतो.

पुढे ढकलणारं काहीतरी हवंच. पुण्या-मुंबईतलं जोडपं असेल तर अकरा महिन्यांचा भाडेकरार आयताच हाताशी आहे. करार दोघांच्या नावावर, चार महिने झालेत, सात उरलेत, भाडं आता एकट्याने भरायचंय. डिपॉझिट कुणाचं किती, हे विचारायला फोन करावाच लागतो. रडण्याची दहा पानं जे करत नाहीत, ते हा एक फोन करतो.

मराठीत आणखी एक हत्यार फुकट मिळतं आणि बहुतेक हस्तलिखितांत ते गंजत पडलेलं असतं. 'आपण गोकर्णला गेलो होतो' हे मनातल्या मनात त्याच्याशीच चाललेलं बोलणं. 'आम्ही गोकर्णला गेलो होतो' हे मैत्रिणीला सांगणं. हा बदल कुठल्या प्रकरणात होतो ते आधी ठरवा. खरा ब्रेकअप तिथे आहे. पहिल्या खर्ड्यात दोन्ही शब्द सरमिसळ पडलेले असतात, तेव्हा एकेक शोधून तपासा.

सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्ल्यू' या कादंबरीत (२००६) भाऊ तनय आणि बहीण अनुजा एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात आणि तो निघून जातो. तनयचा भाग त्यालाच उद्देशून, 'तू' म्हणत. अनुजाचा डायरीच्या अंगाने. जाणारा एकच, पण तनय अजून त्याच्याशी बोलतोय आणि ती स्वतःशी. निवेदनाची ही निवडच अर्धं काम करून जाते.

क्रियापदांकडेही बघा. 'तो आलं किसायचा', 'तो उशिरा यायचा' अशी 'यचा'ची रांग लागली की दुःख ताजं आहे. ती हळूहळू विरळ व्हायला हवी. सगळी एकदम गायब केलीत तर वाचकाला ते खोटं वाटतं. १८०व्या पानावर नवा देखणा शेजारी आणून सुटका करून घेणं हा त्याहून मोठा घोटाळा, आणि तो फार होतो.

सावरणं दाखवताना प्रथमपुरुषी निवेदनात एक पेच येतोच. 'आज त्याची आठवण आली नाही' असं नायिका लिहील, तर आठवण आलीच की! म्हणून ते तिला लिहू देऊ नका. डायरी असेल तर ४ तारखेनंतर थेट १९ तारीख टाका, आणि १९ला गॅस सिलिंडर दोन महिने पुरला एवढंच लिहा.