अर्कासाठी मुळे वाळवताना: अश्वगंधा आणि शतावरी

या खेपेला अश्वगंधा आणि शतावरी एकाच वेळी वाळत घातल्या आहेत. अर्क बाटलीत उतरण्याच्या कितीतरी आधी, वाळवणीतच त्याची प्रत ठरते, असे माझे मत या कामातून अधिक पक्के होत चालले आहे.

अश्वगंधेचे काम तुलनेने सोपे आहे. पाने सुकू लागली आणि फळे तांबडी झाली की मुळे काढणीला येतात. ती मऊ ब्रशने भराभर धुतली, पण पाण्यात भिजत ठेवली नाहीत, कारण पाण्यात विरघळणारी द्रव्ये त्या पाण्याबरोबर वाया जातात. कापणी ओलेपणीच उरकली. वाळून टणक झालेले मूळ सुरीला दाद देत नाही. चकत्या साधारण 3 ते 5 मिलिमीटर जाडीच्या ठेवल्या आणि जाळीच्या ताटांत एकमेकींवर न चढवता पसरल्या.

शतावरीला मात्र निगुतीने हाताळावे लागते. तिची मुळे जाड, रसाळ आणि चिकट असतात. उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवून काढली की साल सुटते आणि मधली चिवट शीर ओढून काढता येते. सालीसकट अख्खी मुळे वाळवली, तर आतला ओलावा अडकून राहतो आणि बाहेरून वाळलेल्या दिसणाऱ्या मुळाला आतून बुरशी लागू शकते. जास्त आचेनेही हेच घडते: पृष्ठभाग घट्ट होऊन आतल्या पाण्याची वाट बंद होते. म्हणून वाळवणी यंत्राचे तापमान मी 40 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवते आणि उष्णतेपेक्षा खेळत्या हवेवर अधिक विसंबते.

मूळ वाळले की नाही, हे निव्वळ हाताला कळत नाही. चकती न वाकता कडकन मोडली पाहिजे, ही पहिली कसोटी. पण माझा खरा भरवसा तराजूवर आहे. लागोपाठच्या वजनांत फरक पडेनासा झाला, तरच मी ते ताट उतरवते. हा काटेकोरपणा का हवा, हे हिशेबावरून स्पष्ट होते. 100 ग्रॅम मूळ आणि ते भिजवायला 500 मिलिलिटर मद्यार्काचे (इथेनॉलचे) द्रावण, म्हणजे 1:5 प्रमाण, असे आपण धरतो. पण त्या मुळात 20 टक्के पाणी उरले असेल, तर कोरडे द्रव्य 80 ग्रॅमच भरते आणि प्रमाण 1:6.25 होते. मद्यार्काची तीव्रता त्यामुळे थोडीच घटते, अर्क मात्र बराच पातळ होतो.

वाळलेल्या चकत्यांची मी भरडच करते, कारण वस्त्रगाळ पूड गाळताना कापडाची छिद्रे बुजवते. द्रावणासाठी पिण्यायोग्य इथेनॉलच हवे. विकृत स्पिरिट (मुद्दाम पिण्यास अयोग्य केलेला मद्यार्क) किंवा मिथेनॉल असलेले द्रावण विषारी असते. अश्वगंधेचा अर्क गरोदरपणात टाळावा. थायरॉइडचा किंवा यकृताचा विकार असणाऱ्यांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सध्या अश्वगंधेचे वजन स्थिरावले असून ती काळोख्या जागी हवाबंद बरणीत ठेवली आहे. शतावरीचे वजन अजून उतरते आहे, त्यामुळे तिची भरड करण्याची घाई मी करणार नाही.