मेकॅनिकल मॉड, नोंद दुसरी: रोध न उतरवता केलेली सुधारणा

सिगारेट सोडून व्हेपिंगकडे वळल्यावर मी बराच काळ चिपवर चालणारे, म्हणजे रेग्युलेटेड उपकरण वापरले आणि त्यानंतरच एका १८६५० सेलचा (१८ मिमी व्यासाचा, ६५ मिमी लांबीचा लिथियम-आयन सेल) तांब्याचा मेकॅनिकल मॉड, म्हणजे चिप नसलेली, सेल आणि बटण असलेली धातूची नळी, घेतला. हा क्रम मला आजही योग्य वाटतो. चिप कॉइलचा, म्हणजे द्रव तापवून वाफ करणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा, रोध तपासते, शॉर्ट झाल्यास प्रवाह तोडते आणि सेल फार उतरला की काम थांबवते. मेकॅनिकल मॉडमध्ये मात्र सेल, बटण आणि कॉइल यांच्यामध्ये काहीच नसल्यामुळे ही तिन्ही कामे वापरणाऱ्याच्या अंगावर येतात.

म्हणून पहिली खरेदी मॉडच्या आधीची होती: रोध मोजणारा वेगळा मीटर आणि सेल बाहेर काढून चार्ज करण्याचा चांगला चार्जर. नवी कॉइल मीटरवर स्थिर आकडा दाखवत नाही तोवर ती मॉडवर चढवायची नाही, हा नियम मी पाळतो. सध्या कँथलची (लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची तार) ०.५ ओहमची कॉइल आहे. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट देतो, म्हणजे ओहमच्या नियमाने ८.४ अँपिअर प्रवाह आणि सुमारे ३५ वॉट. माझा सॅमसंग २५आर सेल सलग २० अँपिअरसाठी बनवलेला असल्याने निम्म्याहून अधिक क्षमता राखीव राहते. हीच कॉइल ०.२ ओहमची केली तर प्रवाह २१ अँपिअरवर जातो आणि राखीव काही उरतच नाही. सेलच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘पल्स’, म्हणजे क्षणभरच झेपणाऱ्या, अँपिअरचा आकडा हिशेबात धरू नये. सलग प्रवाहाचाच धरावा.

सर्वाधिक काळजी मागणारी जागा म्हणजे हायब्रिड जोड. यात ॲटमायझरची (मॉडवर चढणारा, कॉइल असलेला भाग) मधली पिन थेट सेलच्या धन टोकावर टेकते, आणि ती पिन भोवतीच्या आट्यांच्या कडेपेक्षा स्पष्टपणे पुढे आलेली नसेल तर कडच सेलला टेकून थेट शॉर्ट होतो. अनेक तयार टँकची (द्रव साठवणारे ॲटमायझर) पिन आत दबणारी असते. असे टँक हायब्रिडवर लावूच नयेत, मग ते कितीही देखणे असोत. सेलचा सगळा पत्रा ऋण असतो आणि धन टोकाशी त्याची कड अगदी जवळ येते, त्यामुळे वेष्टनाला बारीक चीर दिसली तरी मी सेल नव्याने गुंडाळेपर्यंत बाजूला ठेवतो. वरची पांढरी इन्सुलेटर चकतीही तितकीच महत्त्वाची आहे. नळीला वायू बाहेर पडण्यासाठी छिद्रे आहेत की नाहीत, हे तर विकत घेतानाच पाहावे. २०१८ मध्ये फ्लोरिडात अशा उपकरणाच्या स्फोटात एक मृत्यू झाला होता. बंद नळीत सेल फुटला की नळीचेच तुकडे प्रक्षेपकासारखे उडतात.

आता सुधारणेविषयी. नवशिक्याला अधिक वाफ हवी असते आणि तो रोध खाली आणत जातो. मी तो मार्ग सोडून बटणाचे संपर्कबिंदू चांदीचा मुलामा दिलेले बसवले आणि आटे व संपर्काच्या जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने नियमित पुसण्याची सवय लावून घेतली. तांब्यावर काळपटपणा चढला की सेलचे व्होल्ट कॉइलपर्यंत पोहोचण्याआधीच वाया जातात. ते वाचले की त्याच कॉइलची वाफ दाट लागते, शिवाय बटण गरम होत नाही. बटण गरम लागणे ही कुठेतरी संपर्क बिघडल्याची सूचना असते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून झुरके घेत राहण्याइतका अविचार या छंदात दुसरा नाही. खिशात ठेवताना बटणाचे कुलूप लावतोच, पण त्यावर पूर्ण विसंबत नाही. लांब जायचे असेल तर सेल काढून प्लास्टिकच्या डबीत ठेवतो, किल्ल्या आणि सुट्या नाण्यांपासून दूर. सेल ३.५ व्होल्टच्या आसपास आला की बदलतो. वाफ पातळ होऊ लागली की मीटर न लावताही ते कळते.

पुढच्या टप्प्यात हायब्रिड टोपीऐवजी स्वतंत्र ५१० पिनची (५१० हा ॲटमायझर जोडण्याच्या आट्यांचा प्रचलित प्रकार) टोपी बसवायची आहे. तिच्यात थोडे व्होल्ट वाया जातील, पण टँक निवडण्याची मोकळीक वाढेल. हे काम सुट्टीनंतर इंग्लंडमधील लेस्टरला परतल्यावर होईल, कारण पुण्याला जाताना मॉड बरोबर नेणार नाही. २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठवणूक यांवर बंदी आहे. तोवर सेल ३.७ व्होल्टच्या जवळपास ठेवून डबीत बंद राहतील.